काय भाजणार ते आधी सांगा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक गेली तीन वर्षं माझ्या मागे लागले होते की कदम, तुम्ही काहीतरी लिहा. मी टाळत होतो. ओव्हन विकणाऱ्या माणसानं लिहायचं ते काय? पण यंदा श्रावणात सुनेनं नवा ओव्हन घ्यायचं काढलं. दोन दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले, मैत्रिणींना विचारलं आणि शेवटी चहा देता देता मला म्हणाली, "बाबा, पंखेवाला घेऊ की बिना पंखे का?" घरात चाळीस वर्षं आचेशी झटापट केलेला माणूस बसलाय आणि त्याचा नंबर मोबाईलनंतर लागतो, याचा मला राग आला. त्या रागातून हा लेख झाला आहे. सूनबाई देवासच्या हिंदी शाळेत शिकलेली. मराठी फर्डं बोलते, पण वाचताना अडखळते. तेव्हा छापून आला की मीच तिला वाचून दाखवणार आहे.

माझे वडील कराडकडून देवासला कारखान्यात नोकरीला आले. मीही आयटीआय करून त्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागलो आणि अठरा वर्षं भट्टी खात्यात काढली. लोखंडाची दातेरी चाकं एका ठराविक आचेवर ठराविक वेळ तापवायची, म्हणजे ती कणखर होतात. आमच्याकडे दोन भट्ट्या होत्या. जुन्या भट्टीत आच नुसती भिंतीतून यायची, त्यामुळे कडेचं चाक जास्त तापे आणि मधलं कमी. नवीत मोठा पंखा होता. तो गरम हवा आत फिरवत ठेवी आणि शंभर चाकं एकसारखी निघत. त्या पंख्यावर माझा फार जीव होता. पुढे ते खातं बंद झालं आणि मी ए. बी. रोडवरच्या एका घरगुती उपकरणांच्या दुकानात लागलो. मिक्सर, गिझर, मायक्रोवेव्ह सगळंच विकलं, पण ओव्हनचं गिऱ्हाईक आलं की मालक आतून हाक मारायचे, "कदम भियाला बोलवा." भिया म्हणजे इकडच्या बोलीत भाऊ.

आता ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या घरगुती ओव्हनमध्ये वर आणि खाली दांड्या असतात. त्या लाल होतात आणि त्यांची आच थेट पदार्थावर पडते. हवा आत जवळजवळ स्थिर असते. पंख्याच्या ओव्हनमध्ये याच दांड्या असतात, पण पाठीमागे किंवा बाजूला पंखा असतो आणि तो ती गरम हवा गरागरा फिरवतो. त्यामुळे आच सगळीकडे सारखी लागते, एकाच वेळी दोन ट्रे ठेवता येतात, काम लवकर होतं आणि पुस्तकात एकशे ऐंशी लिहिलं असेल तर एकशे साठवर भागतं. हे सगळं खरं आहे. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. फक्त यातली एक गोष्ट मी पुष्कळ दिवस सांगत नव्हतो, कारण ती मलाच माहीत नव्हती.

पंख्याच्या ओव्हनवरचा माझा विश्वास धारमध्ये पक्का झाला. तिथे नलूकाकू म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते आणि काकूंच्या बोलण्यात ते संस्थान अजून चालू होतं. दर दिवाळीला त्यांच्या घरची नानकटाई पत्र्याच्या चार ट्रेमधून, नावाची चिठ्ठी लावून, बेकरीच्या भट्टीवर भाजायला जायची. ती बेकरी बंद पडली म्हणून त्यांनी ओव्हन मागवला. मी लावून द्यायला गेलो तर त्यांनी मला आधी पाट दिला, पाणी दिलं आणि विचारलं, "हे यंत्र आम्हांस फसवणार नाही ना?" मी म्हणालो, नाही फसवणार काकू, पाच मिनटात गरम होऊन जाईल. त्या म्हणाल्या, "होऊन जाईल नव्हे, होईल." दुपारभरात त्यांनी माझं मराठी तीनदा दुरुस्त केलं.

आच वीसनं कमी ठेवा हे मात्र त्यांना पटेना. त्यांच्या वहीत आकडा लिहिलेला होता आणि वही त्यांच्या सासूबाईंची होती. पहिला ट्रे कडेनं काळपट झाला. त्या बाजूला झाल्या. मी आच कमी केली आणि दोन ट्रे एकावर एक लावले. पंधरा-वीस मिनिटांत अठ्ठेचाळीस नानकटाया निघाल्या, सगळ्या एका रंगाच्या, वरून बारीक तडे गेलेल्या, जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या. काकूंनी सासूबाईंच्या वहीत पेन्सिलीनं माझा आकडा लिहिला. मला त्या दिवशी कारखान्यातली नवी भट्टी आठवली. धारहून देवासला येईपर्यंत बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

त्यानंतर वर्षभर मी जो येईल त्याला पंख्याचा ओव्हन दिला. मांडूचा एक हॉटेलवाला पर्यटकांसाठी पिझ्झा करणार म्हणून आला, त्याला दिला. बँकेतल्या बाई केक करणार म्हणाल्या, त्यांना दिला. पीपलरावां गावचे एक शेतकरी गृहस्थ आले. त्यांनी ओव्हनच्या मागे बघितलं, पुढे बघितलं आणि विचारलं की भिया, पंखा तर थंड करतो, मग हा डबा तापणार कसा? मी त्यांना बराच वेळ समजावलं आणि ओव्हन दिला. आठ दिवसांनी बिघाड म्हणून बोलावलं. जाऊन बघतो तर आतल्या पंख्याच्या जाळीवर त्यांनी चमकता कागद चिकटवून टाकलेला. म्हणाले, वारं लागून रोटी वाळत होती. मी कागद काढला, दुकानात येऊन हा किस्सा रंगवून सांगितला आणि पुढे कित्येक महिने सांगत राहिलो. ते गृहस्थ बरोबर बोलत होते हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग हाटपिपल्याचे रामेश्वरजी आले. त्यांचं खता-बियाण्याचं दुकान आहे. माणूस मुळात अबोल, पण त्या दिवशी अर्धा तास बोलले. त्यांच्या आईला सगळं गाव जीजी म्हणतं. जीजींचे बाफले पंचक्रोशीत नावाजलेले. ज्यांना माळवा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी हळदीच्या पाण्यात उकडायचे आणि मग कंड्यांच्या, म्हणजे आपल्या गोवऱ्यांच्या, निखाऱ्यावर भाजायचे. मग फोडून तुपात बुडवायचे आणि वरणाबरोबर खायचे. डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, नृसिंह मंदिराचा सोहळा बघायला त्यांच्याकडे पन्नास-साठ नातेवाईक जमतात आणि त्या दिवशी दुपारी जीजींच्या हातचे बाफले हा घरचा शिरस्ता. पण होळीनंतर जीजींचा दमा इतका बळावला की डॉक्टरांनी धूर कायमचा बंद केला. तेव्हापासून जीजी ओट्यावरच्या खाटेवर बसून होत्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या. सुना गॅसवर काही करत ते मुकाट खात. रामेश्वरजी म्हणाले, "भिया, माँ को काम चइये. दवा तो हम दे रिये हैं."

मी म्हणालो, तुम्ही निश्चिंत असा. आणि आमच्याकडचा सगळ्यात चांगला, पंखा आपोआप चालू होणारा ओव्हन त्यांच्या गाडीत चढवला. बाफले भाजून बघितले होते का मी कधी? नाही. मला वाटलं, गोल वस्तू आहे, चारी बाजूंनी सारखी आच हवी, म्हणजे पंखाच हवा. लोखंडाच्या चाकाला जे लागू ते कणकेच्या गोळ्याला लागू, असा माझा हिशोब होता.

राखीला सगळ्या लेकी माहेरी आल्या आणि जीजींनी पाच महिन्यांनी कणीक मळली. बाफले ओव्हनमध्ये गेले आणि दगड होऊन बाहेर आले. वरून कडक टरफल, आत चिकट. जावयानं फोडायला घेतला तर ताटावर आपटावा लागला, आणि कोणीतरी हसलं. हसणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पण जीजी उठल्या, हात धुतले आणि खाटेवर जाऊन बसल्या. संध्याकाळी धाकटा मुलगा म्हणाला की यंदा डोल ग्यारसला हलवाई सांगून टाकू. जीजी त्यावर एवढंच म्हणाल्या की अब म्हारा हाथ में वो वात नी री, माझ्या हातात आता ती गोष्ट राहिली नाही. दुसऱ्या दिवशी रामेश्वरजींचा फोन आला. ते रागावले नव्हते. ते म्हणाले, कदम भिया, जीजी काल दुपारपासून जेवली नाही.

मी पहिली बस पकडली. वाटेत माझी खात्री होती की यांनी आच चुकीची ठेवली असणार. गेल्या गेल्या मी स्वतः गोळे वळले, स्वतः उकडले, आच मोजून ठेवली. दगडच झाले. आच कमी केली, वेळ वाढवला. तर वाळके दगड झाले. घरातल्या सुना दारात उभ्या राहून बघत होत्या. कारखान्यात माल बिघडला तर साहेब ओरडायचा, ते परवडायचं. इथे कोणी ओरडत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि हे मी आज मोकळेपणानं लिहितो, कारण पुढचं सगळं त्या लाजेतून आलं.

बाहेर ओट्यावर जीजी बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पदर डोक्यावर, आतली घरघर अंगणापर्यंत ऐकू येणारी. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, जीजी, चूक माझी आहे, तुमच्या हातांची नाही. आता मला शिकवा. कंड्यांवर तुम्ही कसं करता ते पहिल्यापासून सांगा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सुनेला कंडे आणायला सांगितले आणि एक टोपलं जुनी, गार राख.

मग विस्तवाशिवाय सगळी तालीम झाली. जीजींनी अंगणात कंडे रचून दाखवले. सुपानं वारा कसा घालायचा ते दाखवलं, कंडे लाल होईपर्यंत भराभर. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. रचलेल्या कंड्यांवर गोळे मांडल्यासारखं केलं, वरून दोन्ही ओंजळींनी राख पसरली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मी विचारलं, आता पुढे? त्या म्हणाल्या, पुढे काही नाही. आता बसायचं. मी विचारलं, वारा नाही घालायचा?

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "राख में वायरो लागे कई, भिया? वायरो लाग्यो तो बाफलो मर्यो."

राखेत वारा लागत नाही, आणि लागला तर बाफला मेला. अठरा वर्षं भट्टीवर काढून मला हे सुचलं नव्हतं. लोखंडात ओल नसते. त्याच्यावर कितीही गरम वारा सोडा, काही बिघडत नाही. बाफला पाण्यातून निघालेला असतो. राखेखाली तो स्वतःच्या वाफेत फुलतो, मऊ होतो आणि मग सावकाश वरून खरपूस होतो. मी आणलेला पंखा ती वाफ पहिल्या पाच मिनिटांत उडवून लावत होता आणि वरचं टरफल आवळत होता. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून धारमध्ये माझी मान ताठ राहिली. आणि पीपलरावां गावचे ते गृहस्थ आठवले. त्यांनी चमकता कागद लावून मला हेच सांगितलं होतं आणि मी त्यावर गावभर हसत फिरलो होतो.

देवासला परत येऊन मी मालकांशी भांडलो. वापरलेला माल परत घेत नाहीत हे मलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, हा ओव्हन दुकानात दाखवायला ठेवा, पण त्यांना दुसरा द्यावाच लागेल, ही माझी चूक आहे. मालक तसे भले. बडबडले आणि कबूल झाले. दुसरा ओव्हन मी निवडला तो दिसायला साधा होता, पण त्यात पंख्याला वेगळं बटण होतं, जे पहिल्यात नव्हतं. हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद.

तो घेऊन मी हाटपिपल्याला गेलो तेव्हा डोल ग्यारसला बारा दिवस होते आणि हलवायाशी बोलणं झालेलं होतं. जीजी आत यायला तयार नव्हत्या. मी ओट्यावरूनच त्यांना विचारत होतो आणि आत जाऊन करत होतो. पंखा चालू करून ओव्हन तापवला, म्हणजे सुपानं वारा घातला. मग पंखा बंद केला. बाफले मांडले. राखेचं काय करायचं ते कळेना. जीजी बाहेरून म्हणाल्या, ऊपर से ढाँक. दुसरा ट्रे उलटा करून झाकण घातलं. अर्ध्या वेळानं काढलं आणि वरची दांडी लावली. बाफले बरे झाले. फार छान नाही, पण बोटांनी फुटले. एक बाफला मी वाटीत घालून जीजींना नेऊन दिला. त्यांनी तो तळव्यावर घेऊन दाबला, आतला रवाळ भुगा बघितला, वास घेतला. म्हणाल्या की उकडताना मीठ कमी पडलंय आणि झाकण लवकर काढलंस. मग पदर खोचला, भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या.

त्यानंतरचे बारा दिवस त्या घरात रोज बाफले झाले असं सुनांनी मला नंतर सांगितलं. घरातली माणसं कंटाळली, गुरांनाही खायला घातले. हलवायाला नको म्हणून निरोप गेला, तो जीजींनीच पाठवला.

त्या वेळेपासून मी माझी विकण्याची रीत बदलली. गिऱ्हाईक समोर आलं की किंमत नाही, लिटर नाही, पहिला प्रश्न: काय भाजणार ते आधी सांगा. नानकटाई, बिस्किटं, खारी, दोन-दोन ट्रे, भाजलेल्या भाज्या असं असेल तर पंखा घ्या, डोळे मिटून घ्या. नाजूक केक, पाव, बाफले, ज्यात ओल धरून ठेवायची असा कुठलाही पदार्थ असेल तर साधा बरा. आणि दोन्ही करणार असाल तर ज्याचा पंखा बंद करता येतो तोच घ्या, पंखा असून बंद होत नाही असला घेऊ नका. काही गिऱ्हाइकं या प्रश्नानं चिडत. एक बाई म्हणाल्या, काय भाजायचं ते आम्ही बघू, तुम्ही माल दाखवा. मी त्यांना माल दाखवला नाही. त्या शेजारच्या दुकानात गेल्या आणि महिन्यानं मला विचारायला परत आल्या. माझ्या हातून गेलेला एकही ओव्हन पुढे तक्रार म्हणून परत आला नाही, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

खंत आहे ती आधीच्या वर्षाची. न विचारता दिलेले ते सगळे ओव्हन. बँकेतल्या बाईंना मी नंतर फोन केला, तर त्या म्हणाल्या की केक एका बाजूला कलतो म्हणून नाद सोडला, आता आम्ही त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवतो. पीपलरावां गावाला मात्र मी मुद्दाम गेलो आणि त्या गृहस्थांची माफी मागितली. त्यांना कशाची तेच कळेना. ओव्हनच्या जाळीवर त्यांनी पुन्हा कागद लावलेला होता.

डोल ग्यारसला रामेश्वरजींनी मला जेवायला बोलावलं. दुपारी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, अंगणात पंगतीची सतरंजी पडली होती आणि स्वयंपाकघरात जीजी ओव्हनसमोर पाटावर बसल्या होत्या. मी माझ्या सवयीनं सरळ आत गेलो आणि ओव्हनशेजारी उभा राहिलो. ओव्हन तापत होता, पंखा फिरत होता. मी घड्याळ बघत होतो. आता पंखा बंद करा असं सांगायला मी तोंड उघडलं आणि जीजींचा हात बटणावरून परत येताना दिसला. त्यांनी घड्याळ बघितलं नव्हतं. बाफले आत गेले, उलटा ट्रे वर बसला. झाकण कधी काढायचं ते सांगावं म्हणून मी वाकलो.

"भिया," जीजी म्हणाल्या, "थूं बायर बेठ. यो म्हारो काम हे."

सुना हसल्या. मी बाहेर आलो. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला कारखान्यानं दोन प्रशस्तिपत्रं दिली, दुकानानं एक घड्याळ दिलं. ती सगळी कपाटात आहेत. पण माझ्याच ओव्हनसमोरून मला कोणी असं हुसकून लावलं नव्हतं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. अंगणात बसायला जागा नव्हती. ओट्यावर जीजींची खाट तेवढी रिकामी होती. मी तिच्यावर बसलो.